तासांवर झिजणाऱ्या गाड्या: इंदूरच्या कचरागाड्या, जेटिंग मशीन आणि जेसीबी कशा सांभाळायच्या

इंदुरात घरोघर फिरणारी कचरागाडी दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटर चालते, पण तेवढ्यासाठी तिचं इंजिन सहा-सात तास सुरू असतं. रामबागेतल्या अरुंद गल्लीत ती दर दहा-पंधरा पावलांवर थांबते, लोक ओला-सुका वेगवेगळा टाकतात, गाडी पुन्हा पहिल्या गिअरवर सरकते. दुसरा गिअर पडला तर पडला, तिसऱ्याची वेळ कचरा मोठ्या कंटेनरात भरायच्या ट्रान्सफर स्टेशनकडे जातानाच येते.

आता हिशोब करून बघा. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं असं धरलं आणि गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालली, तर ऑइल बदलायला २५० दिवस लागतात. रोजचे सात तास धरले तर तोवर इंजिन १,७५० तास चाललेलं असतं. हीच गाडी भोपाळ रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने पळाली असती, तर १०,००० किलोमीटर २०० तासांत संपले असते. मीटरवरचा आकडा तोच, इंजिनाची झीज जवळजवळ नऊपट. शहराच्या गाड्या अकाली का बसतात, याचं अर्ध्याहून जास्त उत्तर या हिशोबात आहे. म्हणून आमच्या कामात पहिला नियम एकच: सर्व्हिस तासांवर लावायची. पुस्तकात टप्पा फक्त किलोमीटरमध्ये दिलेला असेल तर इंजिनाचा एक तास म्हणजे ४० ते ५० किलोमीटर असं धरायचं. वरच्या गाडीला २५० तासांचा टप्पा साधारण पाच आठवड्यांनी येतो. कंपनीच्या पुस्तकात खडतर वापरासाठी सहसा वेगळा तक्ता असतो. कचरागाडीला तोच लागू आहे, पहिल्या पानावरचा नाही.

तासांचा मीटर स्वस्त असतो, लावायला अर्धा तास लागतो. मात्र तो चावीच्या लाइनवर लावू नका. ड्रायव्हर भोंगा वाजवायला नुसती चावी फिरवून ठेवतो आणि मीटर उगाच पळत राहतो. डायनामोच्या ज्या टोकाला इंजिन फिरतानाच करंट येतो तिथून वायर घ्या. जीपीएस बसवलेलं असेल तर त्यातूनही चालू तासांचा रिपोर्ट निघतो, पण तो बहुतेक चावीचाच असतो, हे ध्यानात ठेवून वाचायचा.

छोट्या टिपरमध्ये (घरोघर फिरणाऱ्या कचरागाडीत) आधी काय जातं

क्लच. त्यातही प्लेटपेक्षा रिलीज बेअरिंग आधी बोलायला लागतं, कारण ड्रायव्हरचा पाय दिवसभर पेडलवर असतो. पेडल दाबल्यावर घरघर वाढली आणि सोडल्यावर थांबली तर बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांतता असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासा. प्लेट घसरते का हे बघायचं असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक घट्ट ओढा, पुढे माणूस उभा नाही याची खात्री करा, वरचा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते आहे. फिरत राहिलं तर घसरते आहे. ही तपासणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते. केबलचा क्लच असेल तर पेडलचा मोकळा खेळ दर महिन्याला बघा. प्लेट झिजते तसा खेळ कमी होतो, आणि तो संपला की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. पाच मिनिटांचं अ‍ॅडजस्टमेंट टळलं म्हणून अख्खा सेट गेला, असं फार वेळा होतं. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर फ्लायव्हीलचा तोंडावळा नीट बघा. निळे डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर लेथवर साफ करून घ्या. नुसती प्लेट बदलून गाडी बाहेर काढली तर ती थरथरतच निघणार.

दुसरी तक्रार बॅटरीची. सकाळपासून कितीतरी वेळा सेल्फ मारला जातो, वर भोंगा, जीपीएस, दिवे आणि ज्या गाड्यांना विजेवर चालणारा हायड्रॉलिक पॉवर पॅक आहे त्यांची मोटर. ही मोटर उचलताना शंभर अँपिअरच्या पुढे सहज जाते. इंजिन आयडलिंगला असताना डायनामो तेवढं भरून देत नाही. बॅटरी दोषी ठरवण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे रिकामीच. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवं. हे सगळं बरोबर असूनही बॉडी हळू उचलत असेल तर केबल तपासा. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी मोटरच्या बॉडीवर ठेवा आणि बॉडी उचलायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. ओल्या कचऱ्याचं पाणी चेसिसवर झिरपतं आणि ती पट्टी बोल्टाखाली गंजते, वरून चकचकीत दिसली तरी. पट्टी काढून जागा घासून पत्रा पांढरा करा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस चोपडा. नवी बॅटरी टाकून हा दोष जात नाही, दोन महिन्यांनी तीही बसते.

इंदूरच्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक कचरा असे वेगवेगळे कप्पे असतात. त्यातला ओल्याचा कप्पा आधी कुजतो. ओल्या कचऱ्यातून निघणारं पाणी आंबट असतं, त्यात मीठही असतं, आणि ते पत्र्याच्या जोडांत साचतं. रोज शेवटच्या फेरीनंतर कप्पा धुवा, बुच काढून पाणी पूर्ण जाऊ द्या आणि गाडी थोडी उतारावर उभी करा. दर महिन्याला बॉडीखालचे क्रॉस मेंबर आणि बॉडीचे बोल्ट हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला की आत गंज आहे. धुताना प्रेशरची नळी हबच्या सीलवर, वायरिंगच्या कनेक्टरवर आणि रेडिएटरच्या पाकळ्यांवर जवळून मारू नका. हबात एकदा पाणी शिरलं की ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग काही आठवड्यांत आवाज करायला लागतं.

सीएनजी गाड्यांचं थोडक्यात. सिलिंडर दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यायचा असतो आणि प्लेटवरची तारीख संपली की पंपावर गॅस मिळत नाही. म्हणून ती तारीख गाडीच्या नंबराशेजारी रजिस्टरमध्ये लिहा आणि दोन महिने आधी हलायला लागा, नाहीतर एका वेळी घेतलेल्या सगळ्या गाड्या एकाच आठवड्यात उभ्या राहतात. गळती साबणाच्या फेसानेच बघायची. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपवा, बॅटरी सोडवा, आणि काम सिलिंडरच्या जवळ असेल तर सिलिंडर उतरवूनच करा. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात स्पार्क प्लगवर जास्त ताण येतो. प्लगचं अंतर तासांच्या हिशोबाने तपासलं नाही तर मिसफायर होतो, आणि मिस्त्री रेग्युलेटर उघडून बसतो.

हायड्रॉलिक: स्वच्छता आधी, पाना नंतर

ट्रान्सफर स्टेशनवर टिपर रिकामे होतात, कॉम्पॅक्टर कचरा कंटेनरात दाबतो आणि हुक लोडर तो भरलेला कंटेनर उचलून देवगुराडियाला नेतो. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याचा रोज ५५० टनांचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून आहे. मधला हुक लोडर बंद पडला तर मागे टिपरांची रांग लागते, आणि दुपारपर्यंत त्याचा परिणाम गल्ल्यांत दिसतो. त्यामुळे हायड्रॉलिकवर जास्त लिहितो.

कुठलीही हायड्रॉलिक लाइन उघडण्याआधी बॉडी किंवा मागचं झाकण उचललेलं असेल तर त्याचा लोखंडी आधार लावा. ऑइलच्या भरवशावर वर राहिलेल्या बॉडीखाली कुणीही डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. होज फुटायला, किंवा केबिनमध्ये कुणाचा हात लिव्हरला लागायला, तेवढा वेळ पुरतो. चावी काढून खिशात ठेवा, बॅटरीचा कट-आउट खेचा, स्टिअरिंगला पाटी बांधा. मग लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवून अडकलेला दाब सोडा. बारीक गळती शोधायला हात फिरवू नका. दीडशे बारच्या दाबाने सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीत शिरतं. सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, डाग पडेल तिथे गळती. आणि कुणाला असं लागलंच तर मलमपट्टी करून घरी पाठवू नका, लगेच सर्जनकडे न्या आणि कातडीत ऑइल शिरलंय हे स्पष्ट सांगा.

दोष ओळखताना गाडी थंड असताना काय करते आणि तापल्यावर काय करते, हे ड्रायव्हरला विचारा. सकाळी नीट उचलते आणि अकरानंतर मंदावते, तर पंप झिजलाय. पातळ झालेलं ऑइल पंपातच मागे सरकतं. सकाळपासूनच दम नाही, तर रिलीफ वॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडणाऱ्या वॉल्व्हमध्ये) कचरा अडकला असेल किंवा सेटिंग उतरलं असेल. उचलताना पंप किंचाळतो आणि टाकीत फेस दिसतो, तर सक्शन बाजूने हवा ओढली जाते आहे. टाकीतली जाळी आणि सक्शन होजचा क्लिप आधी बघा, पंप उतरवू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, बहुतेक टाकीच्या झाकणातून किंवा ब्रीदरमधून (टाकीत हवा ये-जा करायच्या तोंडातून). इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे ४६ ग्रेडच्या जागी ६८ ग्रेडचं ऑइल घालायचा मोह होतो. कंपनीच्या तक्त्यात त्या तापमानाला ६८ दिलेलं असेल तरच घाला, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे पंप कोरडा फिरतो.

उचललेला भार आपोआप खाली येत असेल तर दोष सिलिंडरच्या सीलमध्ये आहे की वॉल्व्हमध्ये, हे कळल्याशिवाय सिलिंडर उतरवू नका. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या सिलिंडरला सोपी पद्धत आहे. दांडा पूर्ण बाहेर काढा, यांत्रिक आधार लावा, दाब सोडा. दांड्याच्या बाजूची होज सोडवून तिचं तोंड बुचाने बंद करा आणि सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली बादली ठेवा. आता सगळ्यांना बाजूला करून, दांडा आणखी बाहेर ढकलायच्या दिशेने लिव्हर हळू द्या. दांडा तर टोकाला आहे, हलणार नाही. सुरुवातीला साचलेलं थोडं ऑइल पडेल. त्यानंतर धार थांबली तर पिस्टनचं सील ठीक आहे, वॉल्व्ह बघा. ऑइल येतच राहिलं तर ते पिस्टन ओलांडून येतंय, सील गेलं.

सील किट बदलताना घाई झाली की पंधरा दिवसांत तोच सिलिंडर परत टेबलावर येतो. आधी सिलिंडर बाहेरून डिझेलने आणि हवेने स्वच्छ करा. टेबलावर गोणपाट नको, त्याचे धागे आत जातात. धुतलेलं सुती कापडसुद्धा धागे सोडणारं नसावं. ग्लँड (दांडा बाहेर येतो त्या बाजूचं झाकण) उघडून दांडा सरळ ओढा. प्रत्येक जुनं सील काढताना ते कुठल्या दिशेला बसलं होतं याचा मोबाइलवर फोटो काढा. ओठाचं सील दाबाकडे तोंड करून बसतं आणि धूळ पुसणाऱ्या वायपरचा ओठ बाहेरच्या बाजूला असतो. हेच उलटं बसवलेलं असेल तर नवं किटही पहिल्या दाबाला गळतं. ट्यूबच्या आतून बोट फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर होनिंगशिवाय (ट्यूब आतून घासून गुळगुळीत केल्याशिवाय) पुढे जाऊ नका. दांड्यावरचं क्रोम सोललं असेल, तर त्यावरून नवं सील म्हणजे कानशीवरून रबर घासणं. क्रोम करून घ्या किंवा दांडा बदला. दांडा दोन व्ही-ब्लॉकवर फिरवून वाकलाय का बघा, वाकलेला दांडा ग्लँडचं बुश एका बाजूने खातो. कडक सील गरम हायड्रॉलिक ऑइलात काही मिनिटं ठेवलं की मऊ पडतं आणि न चिरता खाचेत बसतं. पेचकसाने ढकलू नका. पेचकसाची एक बारीक चीर पुरते. थ्रेडच्या आट्यांवरून सील नेताना त्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळा. सगळं जोडल्यावर भार न लावता सिलिंडर पूर्ण आत-पूर्ण बाहेर असा सावकाश सात-आठ वेळा चालवा, हवा निघून जाईल. ऑइलची पातळी शेवटी, सगळे सिलिंडर आत असताना बघा. बाहेर असताना टाकी भरली तर आत घेतल्यावर ब्रीदरमधून ऑइल उडतं.

होज घेताना भाव बघून नका घेऊ. त्यावर छापलेला दाब, दोन तारांची जाळी आणि बनवल्याची तारीख वाचा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेली होज आतून सुकलेली असते. कापून आणलेल्या होजमध्ये रबराचा भुगा राहतो, तो हवेने साफ केल्याशिवाय बसवू नका. तोच भुगा पुढे रिलीफ वॉल्व्हमध्ये सापडतो.

जेटिंग-सक्शन मशीन बंद असणं परवडत नाही

जेटिंग-सक्शन मशीन म्हणजे तुंबलेलं गटार दाबाच्या पाण्याने मोकळं करून मैला ओढून घेणारी गाडी. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही चोकअप झालं, मशीन वर्कशॉपमध्ये उभं आहे आणि वरून फोनावर फोन येताहेत, अशा वेळी कुणाला तरी आत उतरायला सांगितलं जाण्याचा धोका असतो. आतला विषारी वायू एका श्वासात माणूस पाडतो. त्यामुळे वर्कशॉपच्या यादीत ही गाडी आमदारांच्या कामाच्या जेसीबीच्याही वर असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याचा उच्च दाबाचा पंप तीन प्लंजरचा असतो आणि तो कोरडा चालला की पॅकिंग काही मिनिटांत जळतं. टाकीतलं पाणी संपत आलं की बंद करणारा फ्लोट स्विच अनेक गाड्यांत जोडकाम करून बाद केलेला असतो. तो आधी पूर्ववत करा. सक्शनची जाळी रोज काढून धुवायची. दाब मिळत नसेल तर पंपाला हात लावण्याआधी नोझल बदलून बघा. नोझलची भोकं वाळूने झिजून मोठी झाली की पाणी भरपूर येतं, पण दाब चढत नाही. काटा थरथरत असेल तर एखादा वॉल्व्ह अडकलाय किंवा सक्शनमधून हवा येतेय. प्लंजरखालून थेंब-थेंब पाणी येणं काही पंपांत साधारण आहे, धार आली की पॅकिंग बदला, नाहीतर पाणी क्रँकच्या ऑइलात उतरतं. त्या ऑइलचा रंग आठवड्याला बघा.

व्हॅक्युम पंप पात्यांचा असतो आणि त्याला थेंबाथेंबाने ऑइल लागतं. लुब्रिकेटरची काच काळी पडून थेंब दिसत नाहीत, मग कुणी बघतही नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच ०.९५ बारच्या आसपास असतो. त्यामुळे पुस्तकातला व्हॅक्युमचा आकडा इथे थोडा कमीच येणार. काटा ०.८ च्या आसपास जाऊन टिकत असेल तर पंप ठीक समजा. व्हॅक्युम कमी येतोय तेव्हा सगळे वॉल्व्ह बंद करून टाकीत व्हॅक्युम चढवा, पंप थांबवा आणि पाच मिनिटं काटा बघा. घसरला तर कुठेतरी गळती आहे, आधी टाकीच्या मागच्या दाराचं गॅस्केट बघा. तिथे ग्रीस लावून बघा, काटा थांबला तर गॅस्केटच. टाकीवरचा तरंगणारा चेंडू, जो मैला पंपात जाण्यापासून अडवतो, तो आठवड्यातून एकदा बाहेर काढून धुवा. त्यात केस आणि चिंध्या अडकल्या की तो अर्धवट बसतो, मैला पात्यांपर्यंत जातो आणि पंपाचं काम हजारांत न राहता लाखाकडे जातं.

झाडू मशीन, जेसीबी आणि धूळ

रात्री रस्ते झाडणाऱ्या बहुतेक मोठ्या मशिनांत दोन इंजिनं असतात, एक गाडी चालवायला आणि दुसरं पंखा फिरवायला. दुसऱ्याचे तास पुष्कळदा कुणीच लिहीत नाही. कचरा उचलत नाही अशी तक्रार आली की आधी तोंडाच्या रबरी पट्ट्या बघा. झिजून जमिनीपासून फार वर गेल्या की हवा बाजूने ओढली जाते. पंख्याच्या पात्यांवर चिखलाचा थर एकाच बाजूला बसला की कंपन येतं आणि बेअरिंग जातं, म्हणून पंखा रोज धुवायचा. ब्रशचा दाब वाढवून झाडू चांगला लागत नाही. तारा वाकून आडव्या पडतात, टोकांऐवजी बाजूने घासतात आणि ब्रश निम्म्या दिवसांत संपतो. पाण्याचे फवारे बंद पडले तर तेवढीच धूळ फिल्टरवर जाते.

एअर फिल्टरबद्दल इथे एक सवय मोडायला हवी. फिल्टर काढून टायरच्या हवेने बाहेरून जोरात फुंकायचा, मग जमिनीवर आपटायचा. कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि माती थेट लायनरपर्यंत जाते. इंजिन ऑइल खायला लागतं ते इथूनच. फिल्टर इंडिकेटर लाल दाखवेल तेव्हाच उघडा, दोन बारच्या आतल्या दाबाने आतून बाहेर फुंका, आत दिवा धरून भोक बघा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, थेट बदलायचा. रंगपंचमीच्या गेरनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) तर हे जरूर करा. राजवाडा परिसरातून गेलेल्या टँकर, जेसीबी आणि नंतर सफाईला लावलेल्या मशिनांच्या फिल्टरात, रेडिएटरात गुलाल इतका बारीक बसतो की पाणी लागल्यावर त्याची खळ होते. रेडिएटर आधी कोरड्या हवेने पंख्याच्या बाजूने बाहेर साफ करा, पाणी नंतर. रंगाचं पाणी फेकलेल्या टँकरचा पंप त्याच रात्री स्वच्छ पाण्याने चालवून घ्या, रंग सुकला की सील चिकटतं.

जेसीबीचं ग्रीसिंग रोजचं काम आहे, विशेषतः ओल्या काळ्या मातीत चालत असेल तर. ही माळव्याची माती पिनांभोवती चिकटते आणि सुकली की जुनं ग्रीस बाहेर ओढते. निप्पल पुसल्याशिवाय गन लावू नका, नाहीतर मातीच आत भरली जाते. बुशमधून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारा. एखादं निप्पल ग्रीस घेत नसेल तर 'घेत नाही' म्हणून सोडून देऊ नका. बकेट जमिनीवर टेकवून पिनवरचा भार काढा आणि पुन्हा मारा. तरीही नाही घेतलं तर निप्पल बदला. पिन-बुश सैल झाल्याची खूण म्हणजे बकेटचा आडवा खेळ. तो वाढू दिला तर बूमचं भोकच अंडाकृती होतं, मग लाइन बोरिंग (भोक पुन्हा गोल कापून घेणं) आलं. बकेटचे दात झिजून अडॅप्टर उघडे पडेपर्यंत थांबू नका, दाताच्या पैशात वाचवाल आणि अडॅप्टर वेल्डिंगमध्ये घालवाल.

बीएस-६ गाड्यांचं दुखणं नवं आहे. दिवसभर कमी वेगाने चालणाऱ्या कॉम्पॅक्टरचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, त्यामुळे डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला की ड्रायव्हरने त्याच दिवशी सांगायला हवं. उभ्या गाडीची रिजनरेशन (ही काजळी जाळून टाकणं) करताना ती सिमेंटच्या मोकळ्या जागेत उभी करा. सायलेन्सरमधून निघणारी हवा प्रचंड गरम असते. कचऱ्याच्या ढिगाजवळ किंवा वाळलेल्या गवतावर हे केलं तर आग लागेल. युरियाचं द्रावण (डीईएफ) ३२.५ टक्क्यांचंच, बंद कॅनमधलं, सावलीत ठेवलेलं घ्या. नळाच्या पाण्याने धुतलेल्या नरसाळ्यातूनही ते बिघडतं. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवून रिकामी करा. पंपाने एकदा ते ओढलं की रेलपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागतं.

एअर ब्रेक आणि चाकं

मोठ्या गाड्यांच्या हवेच्या टाक्यांचं पाणी रोज संध्याकाळी काढायचं. पाण्यासोबत काळं ऑइल आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा बघा. इंजिन बंद करून, चाकांना ओट (पाचर) लावून, हँडब्रेक सोडा आणि काटा बघा. मिनिटभरात ०.२ बारपेक्षा जास्त घसरला तर गळती शोधा. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर पाना घेऊन उघडायला बसू नका. आतली स्प्रिंग केजिंग बोल्टने आवळलेली नसेल तर झाकण तोफगोळ्याच्या वेगाने सुटतं. हे काम ज्याला बोल्ट लावता येतो त्यानेच करायचं, आणि खराब चेंबर शक्यतो अख्खा बदलायचा.

चाक काढलं की नट टॉर्क रेंचने क्रॉसमध्ये आवळा आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. कचरागाडी इतके किलोमीटर दोन-तीन दिवसांत चालते, तेव्हा तारीख पाटीवर लिहून ठेवा. रिमोल्ड टायर मागेच वापरा, स्टिअरिंगच्या चाकाला नको. जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा रोज बघा, तो बसलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. दोन चाकांच्या मधे अडकलेला दगड किंवा सळई सकाळीच काढा.

पावसाआधीची तयारी मेच्या मध्यापासून सुरू करा, जूनच्या मध्यात पहिला जोराचा पाऊस येऊन जातो. पाणी उपसायचे पंप पाण्याच्या टाकीवर अर्धा तास चालवून बघा, नुसता सेल्फ मारून नाही. फूट वॉल्व्ह, होजचे कपलिंग, वायपर, हेडलाइटचे जोड, वायरिंगला पडलेले उंदरांचे दात हे सगळं तेव्हाच बघून घ्या.

स्टोअरमध्ये काय ठेवायचं, हे गाड्यांच्या नुसत्या यादीवरून ठरवू नका. मागच्या वर्षभराच्या जॉब कार्डांवरून काढा. प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी असल्या पाहिजेत: गाडी किती तास उभी राहिली, त्यातले किती तास सामानाच्या वाटेत गेले, आणि सामान कुठलं होतं. आमच्या प्रकारच्या ताफ्यात उभे राहण्याचे तास बहुतेक क्लच केबल, फिल्टर, सील किट, होज, सेल्फचे कार्बन आणि व्हॅक्युम पंपाची पाती यांच्यावर जातात. यातलं बहुतेक सामान सियागंजात किंवा ट्रान्सपोर्ट नगरात शोधाशोध करून मिळतं, पण रविवारी किंवा सणाला नाही. इंजिन-गिअरबॉक्स अडवून ठेवण्यापेक्षा या छोट्या वस्तूंचे प्रत्येकी दोन संच कपाटात ठेवा, आणि एक वापरला की त्याच दिवशी मागणी टाका.

ड्रायव्हरच्या हातात रोज एक चिठ्ठी द्या. वर गाडीचा नंबर आणि तासांचा आकडा. खाली: सकाळी सेल्फ एकदाच मारावा लागला का, बॉडी उचलायला किती सेकंद लागले, ब्रेक कुठे ओढतो, जमिनीवर कुठल्या रंगाचा डाग पडला. डाग काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कुलंट, पिवळट पातळ असेल तर हायड्रॉलिक. चिठ्ठी शिफ्ट बदलायच्या आधी जमा करून घ्या, म्हणजे रात्रपाळीच्या मिस्त्रीला गाडी सकाळच्या फेरीआधी बघायला वेळ मिळतो.